शेवटची कात्री

टिलबर्ग, ९ मार्च २०२५

ती. आत्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न फोडता परत पाठवशील अशी धास्ती होती, म्हणून पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला आहे. तेवढी लबाडी पोटात घाल. मी सुदू. नऊ वर्षं आणि दीड महिना झाला. दिवाळीला यतीनच्या फोनवर मी नमस्कार पाठवायचो, तो तुझ्यापर्यंत पोचवत होता की नाही ते मी कधी विचारलं नाही.

आताही फोन करता आला असता. पण जपानमध्ये सूमोच्या आखाड्यात आम्हा खालच्या पोरांना बरीच वर्षं फोन ठेवायला बंदी होती आणि मी तुला दर पंधरवड्याला पत्र लिहायचो. तुझ्याशी बोलायचं म्हटलं की अजून पेनच हातात घ्यावंसं वाटतं.

सूमो सोडून दीड वर्ष झालं. गुडघ्याने जबाब दिला. पंधरा वर्षं त्याने साथ दिली हेच पुष्कळ. गेल्या एप्रिलपासून मी नेदरलँड्समध्ये टिलबर्ग नावाच्या गावात आहे. एका जपानी कंपनीचं मोठं गोदाम आहे इथे, त्यांना जपानी आणि इंग्रजी दोन्ही येणारा माणूस हवा होता. बाबांच्या बदलीमुळे नागोयाच्या शाळेत घोकलेली भाषा अशी उपयोगी पडली. कामावर सायकलने जातो. वजन एकशे बासष्टवरून एकशे अठरावर आलं आहे, तरी सायकल विकताना दुकानदाराने मला दोनदा आपादमस्तक न्याहाळलं.

आता ज्यासाठी लिहितोय ते. माझे केस अजून डोक्यावर आहेत. पैलवान निवृत्त झाला की त्याची शेंडी समारंभाने कापतात. त्याला खुर्चीवर बसवतात, ओळखीचे लोक एकेक करून मागे येतात आणि चार-चार केस कापून जातात. शेवटची कात्री गुरू चालवतो. ती चालली की शेंडी सुटून हातात येते आणि पैलवानाचा साधा माणूस होतो. मी निवृत्त झालो त्याच महिन्यात आमच्या ओयाकातांना, म्हणजे आखाड्याच्या गुरूंना, अर्धांगाचा झटका आला. समारंभ पुढे गेला, मग आखाडाच बंद झाला, आणि गेल्या डिसेंबरात तेही गेले. त्यांच्या पत्नीने कळवलं आहे की आता शेवटची कात्री माझ्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने चालवावी.

माझ्या घरात वडीलधारं म्हणून तूच आहेस. आई गेल्यापासून नागोयाला जाईपर्यंत, सात वर्षं, तूच मला वाढवलंस. आत्या, तू इकडे ये आणि माझे केस काप. ते कापून झाले की मला घरी यायचं आहे, त्याआधी पुण्यात कोणत्या तोंडाने येऊ?

तुझा,
सुदर्शन

*

पुणे, २ एप्रिल २०२५

चि. सुदू,

पत्रं परत पाठवायला मी काही पोस्टखातं नव्हे. शेजारणीचं अक्षर सुरेख आहे. कोण ही शेजारीण, ते मात्र लिहायला विसरलास.

यतीन निरोप पोचवत होता. मी ऐकून घेत होते.

आता मीही सरळ लिहिते, मला वळसे घेता येत नाहीत. चाळीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला, तेव्हा तारखा पाठ आहेत. २८ जानेवारी २०१६, दादाचा दहावा. घाटावर भटजी उभे, न्हावी वस्तरा घेऊन उभा, सगळं गोत उभं. आणि एकुलता एक मुलगा म्हणतो, केस काढायला माझ्या गुरूंची परवानगी नाही. ज्या बापाने आईमागे तुझं सगळं केलं, त्याच्यासाठी तुझ्याच्याने मूठभर केस देववले नाहीत. मी चारचौघांत तुला काय बोलले तेही मला पाठ आहे, ते काही मी मागे घेत नाही. तू तेराव्यालाही थांबला नाहीस. दादाच्या भाच्याने, माझ्या यतीनने, डोकं भादरून पुढचं सगळं केलं.

आणि आता त्याच केसांना कात्री लावायला मी विमानात बसून यायचं? तुझ्या गावात न्हावी नसेल तर कळव, इथून एक धाडून देते.

एक मात्र विचारते. तेव्हा परवानगी नव्हती. आता परवानगी देणाराच राहिला नाही. मग मला कशाला बोलावतोस, तूच काप की. भय कोणाचं आहे?

गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावत जा. चोळायचं नाही, जिरू द्यायचं.

आत्या

*

टिलबर्ग, २६ एप्रिल २०२५

ती. आत्या,

आज इथे राजाच्या वाढदिवसाची सुट्टी आहे. सगळं गाव नारिंगी कपडे घालून रस्त्यावर बसलं आहे आणि घरातली अडगळ विकतं आहे. शेजारणीचं नाव अश्लेषा. ती आइंडहोवनला चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत जाते, आणि तुझ्या मनात जे आलं असेल ते तसं नाही, तिला ऋषभ नावाचा सज्जन नवरा आहे. त्यांच्या मुलीने, सात वर्षांच्या संहिताने, आज रस्त्यावर चटई टाकून तिची जुनी खेळणी मांडली आणि गिऱ्हाईक यावं म्हणून शेजारी मला बसवलं. मी मराठीत विचारलं की माझी काय किंमत लावली आहेस, तर तिने डचमध्ये सांगितलं की तू विकायला नाहीस, तू पाटी आहेस.

लोक केसांबद्दल विचारतात. बहुतेकांना वाटतं ही फॅशन आहे. शेंडी नीट बांधायला आखाड्याचा केशभूषाकार लागतो, तो इथे कुठला, म्हणून नुसती गाठ मारून टोपी घालतो. शेंडीच्या मेणासारख्या घट्ट तेलाचा एक डबा उरला आहे. ते तेल आता बोटाने खरवडून काढतो.

कोणाचं भय, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर देईन, पण आज नाही. आज तुला ते सांगतो जे पत्रांत कधी लिहिलं नाही, कारण तू काळजी करशील म्हणून मी नेहमी जेवणाचंच लिहायचो.

सूमोत वरच्या दोन वर्गांतल्या पैलवानांना पगार असतो, स्वतःची खोली असते, सेवेला माणूस असतो. त्याखालचे चार वर्ग म्हणजे ते सेवेचे माणूस. पहाटे पाचला सराव, मग स्वयंपाक, मग वरच्यांची पाठ चोळायची, त्यांचं जेवण झालं की उरलेलं आपलं. मी सतरा वर्षांचा असताना गेलो तो सगळ्यात तळाला. वरच्या वर्गाची रेषा नजरेला पडायला मला आठ वर्षं लागली. आम्ही एका स्पर्धेत सात कुस्त्या खेळतो. मार्च २०१६ मध्ये माझ्या तीन जिंकून झाल्या होत्या, तीन हरून. सातवी जिंकली असती तर रेषेच्या वर गेलो असतो. समोरचा धडक न देता बाजूला सरकला, मी स्वतःच्याच वजनाने पुढे गेलो आणि गुडघा जागेवर फिरला. तीन सेकंदांची कुस्ती होती.

त्यानंतर दोन शस्त्रक्रिया झाल्या, पुन्हा तळाला गेलो, पुन्हा चढलो, पुन्हा घसरलो. साडेसात वर्षं. ती रेषा परत दिसली नाही. तिशी उलटल्यावर मी अठरा वर्षांच्या पोरांची पाठ चोळत होतो. ओयाकाता मला कधी जा म्हणाले नाहीत.

आत्या, पुणं फार आठवतं. तुझ्या स्वयंपाकघरातला तो उंच स्टूल मोडला असेल ना एव्हाना? मीच अर्धा मोडला होता.

सुदर्शन

*

पुणे, २१ मे २०२५

चि. सुदू,

स्टूल मोडला. मीच मोडला, माळ्यावरचं काढताना. घाबरू नकोस, हाड धड आहे.

मार्च २०१६ चं मला माहीत होतं. कसं, ते ऐक. तू दादाला दर दोन महिन्यांनी तो मोठा छापील कागद पाठवायचास, पैलवानांच्या क्रमवारीचा. वरच्यांची नावं ठसठशीत आणि खाली येता येता मुंगीएवढी. दादा भिंग घेऊन जमिनीवर पालथा पडायचा, तुझं नाव सापडलं की तांबड्या पेन्सिलीने त्याला गोल करायचा आणि मला हाक मारायचा, कुमुद, दोन बोटं वर सरकला बघ. ती अक्षरं कशी दिसतात ते मलाही त्याने शिकवून ठेवलं होतं. शेंडी तुटो की पारंबी, हा पोरगा वर जाणार, असं तो म्हणायचा. कारखान्यातल्या शिपायालासुद्धा तुझी क्रमवारी ठाऊक होती. तुझ्यासमोर मात्र तो इंजिनिअरिंगला गेला नाहीस म्हणून कुरकुर करायचा, कारण बापाने तसं करायचं असतं अशी त्याची समजूत होती.

तो गेल्यावर महिन्याने त्याच्या नावाने पुढचा कागद आला. तुझ्याशी बोलत नव्हते, पण कागदाशी काय वैर? भिंग काढलं. तुला शोधायला खाली वाकले आणि तू खाली नव्हतास. वर, जाड अक्षरांना जवळजवळ चिकटून बसला होतास. मी गोल केला. हाक मारायला कोणी नव्हतं. मग मे महिन्याच्या कागदावर तू दिसेनास. मी तीन दिवस शोधलं. तेव्हाच समजले की काहीतरी झालं आहे. यतीनला विचारता आलं असतं, पण माझा ताठा आडवा आला.

सुदू, मला तुझी फार आठवण येते. हे लिहायला मला दोन आठवडे लागले, तेव्हा लिहिलं आहे ते एकदाच वाच आणि पत्र ठेवून दे.

येण्याचं मात्र काढू नकोस. तिकडची थंडी, तिकडचं खाणं, आणि एकाहत्तराव्या वर्षी विमानातून कोणी हात धरून उतरवायचं मला सोसायचं नाही. यतीनने माझा पासपोर्ट नवा करून घेतला आहे, पण तो आपला सहज.

आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलेलं नाहीस.

आत्या

*

टिलबर्ग, १४ जून २०२५

ती. आत्या,

उत्तर देतो.

बाबा गेले तेव्हा जानेवारीची स्पर्धा चालू होती. माझ्या दोन कुस्त्या उरल्या होत्या. त्या खेळून निघालो, म्हणून पाच दिवस उशीर झाला. निघण्याच्या रात्री ओयाकातांनी मला खोलीत बोलावलं. मी आपल्याकडच्या रीतीचं काही सांगण्याआधी त्यांनीच विचारलं की तुमच्यात मुलाला केस काढावे लागतात ना. बाबांनी कधीतरी त्यांना सांगून ठेवलं असणार. मी हो म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "केस वाढतात. बाप एकदाच जातो. काढून ये."

परवानगी होती, आत्या. मी घाटावर सगळ्यांसमोर खोटं बोललो, आणि गेलेल्या बापाच्या दहाव्याला, जिवंत गुरूच्या नावाने बोललो.

का, तेही लिहितो. मार्चमध्ये मी वरच्या वर्गात जाणार हे मला दिसत होतं. केस काढून गेलो असतो तरी कोणी अडवलं नसतं, कधी कधी तशीही मुलं वर जातात, मोकळ्या केसांनी. पण वरच्या वर्गात शेंडी वेगळी बांधतात, पुढून पंख्यासारखी पसरून. त्या शेंडीने रिंगणात शिरायचा तो पहिला दिवस मी आठ वर्षं दुसऱ्याची पाठ चोळताना मनात पाहिला होता. बाबांचा पिंड डोळ्यांसमोर होता, न्हाव्याचा वस्तरा पाण्यात बुडवलेला होता, आणि मी तेव्हा त्या शेंडीचा विचार करत होतो. मग गुडघा गेला आणि ती शेंडी मला एकदाही बांधायला मिळाली नाही.

तू मला बोललीस ते बरोबर होतं. मी तुझ्या बोलण्याने रागावून निघून गेलो असं सगळ्यांना वाटलं असेल. मी पळालो, कारण तेराव्यापर्यंत राहिलो असतो तर खरं तोंडातून निघालं असतं.

तूच काप की, असं लिहिलंस. आजवर ज्यांच्यासाठी ते काढायचे होते त्यांच्यासाठी काढले नाहीत. आता नुसते न्हाव्याकडे जाऊन टाकून देणं मला जमत नाही. बाबांच्या रक्ताचं माणूस मागे उभं असावं असं वाटतं. हे वाचून तू यायचं नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही.

सुदर्शन

*

पुणे, ९ जुलै २०२५

चि. सुदू,

पत्र वाचलं. पहिल्यांदा मनात आलं, बघा, गुरूच्या नावाने या पोराने मला शेंडी लावली. मग भिंतीवरच्या दादाच्या फोटोकडे पाहिलं आणि खाली बसले.

आता माझं ऐक. हे मी यतीनलाही सांगितलेलं नाही.

दादा जाण्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात मी त्याच्यापाशी होते. तुझ्याशी फोनवर तो ठणठणीत असल्यासारखं बोलला, पोटात गॅस धरलाय म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर दहा मिनिटं त्याला श्वास लागला होता. मग म्हणाला, "सुदूला स्पर्धा सोडून बोलावू नका. आणि केस काढायला तर मुळीच सांगू नकोस, कुमुद. एवढ्या वर्षांनी तो उभा राहतोय. माझ्यापायी त्याचं काही कमी करू नका." मी हो म्हणाले. हात हातात घेऊन म्हणाले.

आणि दहा दिवसांत मीच घाटावर तुझ्यापुढे न्हावी उभा केला.

कारण तू पाच दिवस उशिरा आलास. दारातून आत आलास तेव्हा डोक्याला ते गोड वासाचं तेल होतं आणि सगळ्या घरात तो वास भरला. दादाच्या खोलीतसुद्धा. मला वाटलं, हा काही गमावून आलेलाच नाही. तुझं काहीतरी गेलेलं मला डोळ्यांनी पाहायचं होतं. धर्म, रीत, गोत हे सगळं मी त्यावर पांघरलं. तू नाही म्हणालास तेव्हा खरं तर तोच दादाचा शब्द राखला जात होता, नकळत का होईना, आणि मी तुला बापाच्या नावाने बोल लावला. नंतर तुला सांगायला हवं होतं. पहिल्या वर्षी राग होता. दुसऱ्या वर्षी लाज वाटली. पुढे वर्षं गेली तशी सांगायची सोय राहिली नाही.

तू खोटं बोललास, खरं आहे. मी तर मरणाऱ्याचा शब्द गिळला. तुला नऊ वर्षं घराबाहेर मी ठेवलं.

शेवटची कात्री वडीलधाऱ्या माणसाने चालवायची असते ना? आता सांग, माझ्या हातात द्यावीशी वाटते का.

कुमुदआत्या

*

टिलबर्ग, ३१ ऑगस्ट २०२५

ती. आत्या,

सात आठवडे उत्तर दिलं नाही. तुझ्यावर रागावलो होतो. तुझं पत्र जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवलं होतं आणि येता-जाता पुन्हा रागवायचो. नऊ दिवाळ्या मी कॅलेंडरवर पाहिल्या, आत्या. एकदा मुंबईपर्यंत आलो होतो, आखाड्याच्या एका मुंबईकर देणगीदाराकडच्या लग्नाला, आणि पुण्याच्या बसकडे बघून परत फिरलो. हे सगळं तुला ऐकवायचं होतं.

मग एका शनिवारी ठरवलं की संपवून टाकू. स्टेशनजवळ एक तुर्की न्हावी आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने टोपी काढायला सांगितली, केस मोकळे केले आणि हातात तोलून पाहिले. विचारलं, कोणासाठी वाढवलेत? मी म्हणालो, वडिलांसाठी. तोंडातून निघून गेलं. ते खोटं होतं हे खुर्चीतच कळलं, आणि मी उठून आलो.

तुझं पत्र वाचल्यावर क्षणभर वाटलं होतं की सुटलो, बाबांचीच इच्छा होती. पण मला ती माहीत कुठे होती? माहीत नसताना मी नाही म्हणालो, ते माझ्यासाठी म्हणालो. बाबांनी मला आधीच माफ करून ठेवलं होतं आणि तू ते कपाटात ठेवलंस, याचा राग अजून पुरता गेलेला नाही. तो जाईपर्यंत थांबलो तर तू पंच्याहत्तर वर्षांची होशील.

म्हणून लिहितो, ये. तुझ्याच हातात द्यायची आहे कात्री. आपल्या दोघांशिवाय हे कोणाला कळणार आहे?

रविवार, ९ नोव्हेंबर. अ‍ॅमस्टेलव्हीनला जपानी कुटुंबं पुष्कळ आहेत, तिथे एका हॉलमध्ये मी दर रविवारी मुलांना सूमो शिकवतो, तिथेच करू. खऱ्या रिंगणावर बाईने पाय ठेवायचा नाही असा तिकडे नियम आहे. आमच्या हॉलमध्ये मातीचं रिंगण नाही, नुसत्या चटया आहेत. तुला कोणी अडवणार नाही.

सुदू

*

पुणे, १६ सप्टेंबर २०२५

चि. सुदू,

मला कोणी अडवून तर बघावं.

व्हिसाच्या अर्जात येण्याचं कारण विचारलं आहे. यतीन म्हणतो 'नातेवाईकांची भेट' लिही, जास्त तपशील देऊ नकोस. तसं लिहिलं. सध्या पितृपक्ष चालू आहे, आज दादाच्या नावाने पान वाढलं आणि त्याला सांगितलं की मी जाते आहे. कावळा लगेच शिवला.

लोकरीचे पायमोजे विणायला घेतले आहेत. तुझ्या पावलाचं माप कळव, वाढलं असेल तर.

आत्या

*

पुणे, २४ नोव्हेंबर २०२५

चि. सुदू,

सुखरूप पोचले. विमानात शेजारच्या मुलीने माझ्या पिशवीतलं चीज पाहून विचारलं की आजी, एवढं कोणासाठी. मी म्हटलं, माझ्यासाठी.

तुझ्याकडे पंधरा दिवस राहिले, रोज दोन्ही वेळा एका टेबलावर जेवलो, तुझ्या त्या कालव्याच्या काठाने रोज चालून आलो, आणि तरी एक गोष्ट तोंडाने सांगता आली नाही. तू म्हणतोस तसं, पेन हातात घ्यावं लागलं.

त्या दिवशी तू खुर्चीत बसलास, काळा किमोनो घालून, लोकांकडे तोंड करून. मी पहिल्या ओळीत होते. जपानी मंडळी आली, वाकून गेली. अश्लेषा आणि ऋषभ गेले. गोदामातल्या त्या उंच डच माणसाने, एवढाल्या पेट्या उचलणाऱ्याने, कात्री दोन्ही हातांनी धरली. संहिताला उचलून धरावं लागलं. प्रत्येक जण कापताना तुझ्या खांद्याला हात लावून जात होता आणि तू डोळे मिटून बसला होतास. मला वाटत होतं की माझी पाळी आली की काहीतरी म्हणावं, दादाचं नाव घ्यावं, क्षमा मागावी, वाक्यं जुळवून ठेवली होती. प्रत्यक्षात कात्री हातात आली तेव्हा एवढंच मनात आलं की पोराला लागू नये. केस तेलाने इतके घट्ट झाले होते की दोनदा दाब द्यावा लागला. मग ती शेंडी माझ्या तळहातावर आली. तू डोळे उघडले नाहीस. तुझे खांदे हलताना मी पाहिले.

लोकांना वाटलं, मी तेव्हा रडले. तेव्हा नाही रडले.

नंतर तुझ्या त्या तुर्की न्हाव्याने, भला माणूस, सुट्टीचा दिवस असून मशीन घेऊन आला होता, उरलेले केस नीट बारीक केले. लोक खायला गेले होते. मी तुझ्या मागेच उभी होते. त्याने मान झटकली, ब्रश फिरवला, बाजूला झाला. आणि तुझ्या टाळूवरच्या भोवऱ्यापाशी चार केस उभे राहिले. त्याने पाणी लावून बसवले, ते परत उभे राहिले.

सुदू, मी नऊ-दहा वर्षांची होते तेव्हा दादा मला सायकलवर मागे बसवून शाळेत सोडायचा. रोज, चार वर्षं. आईने कितीही तेल थापलं तरी लकडी पुलाच्या वाऱ्यावर त्याचे ते चार केस उभे राहायचे आणि मी मागे बसून वाट सरेपर्यंत तेच पाहत असायचे. दादाचं तोंड मला पुढे आजारपणात पाहावं लागलं, ते मनातून जात नाही. पण हे मी विसरून गेले होते. तुझे केस लहानपणापासून दाट, तुला ते चार केस आहेत हे मला कधी दिसलंच नव्हतं. चौतिसाव्या वर्षी तुझ्या खांद्यांची ठेवणही त्याचीच झाली आहे, थोडी डावीकडे कललेली. खुर्चीवर तूच बसला होतास हे मला ठाऊक होतं. तरी मी साठ वर्षं मागे गेले, आणि दादा पुढे बसला होता, बोलत नव्हता, नुसता मला नेत होता.

तू वळणार हे मला दिसत होतं. थोडा वेळ वळू नकोस, असं म्हणायचं होतं. तू वळलास, आणि तो तू होतास.

तेव्हा रडले.

कुमुदआत्या